मातीचा डोंगर, टेबलावरची लढाई

दिवाळीच्या सुट्टीत पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत घरोघरी अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात. दगड-विटांची रास रचायची, तिच्यावर जुने पोते अंथरायचे, वरून चिखल लिंपायचा, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची आणि मग बाजारातून आणलेली मातीची चित्रे मांडायची. बारकाईने पाहिले तर दरवाजावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, गुहेतला वाघ बुरुजाएवढा असतो आणि पायथ्याच्या रस्त्यावर कधीकधी एखादी मोटारही उभी असते. मुलांना त्यात काहीच वावगे वाटत नाही. मोठ्यांनाही वाटत नाही, कारण किल्ला हा खेळ आहे.

जमिनीची लहान प्रतिकृती करायची आणि तिच्यावर लढाई मांडायची, या उद्योगाला युरोपात साडेतीनशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. त्या इतिहासात राजे आणि सेनापती तर आहेतच, पण गणिताचे शिक्षक आहेत, खगोलशास्त्रज्ञ आहेत आणि एक कादंबरीकारही आहे. तो चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस येते. जमीन हाताने घडवणाऱ्याला तिच्याविषयी असे प्रश्न पडतात, जे नुसता नकाशा पाहणाऱ्याला सहसा पडत नाहीत. या लेखात आपण तो इतिहास पाहू आणि शेवटी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याला येऊ. पाटोद्याच्या शेजारीच मराठ्यांच्या इतिहासातली एक मोठी लढाई झाली, आणि ती समजून घ्यायला पाटोद्याच्या आसपासची जमीन समजून घ्यावी लागते.

राजाच्या दालनातले किल्ले

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या युद्धमंत्र्याने, लूव्हुआने, १६६८ साली सरहद्दीवरच्या तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करायला सुरुवात केली. हे काम दोनशे वर्षे चालले आणि सुमारे दीडशे ठिकाणांच्या मिळून २६० च्या आसपास प्रतिकृती तयार झाल्या. त्यांतल्या अनेक आज पॅरिसमधल्या एका संग्रहालयात पाहायला मिळतात. बहुतेकींचे प्रमाण १:६०० आहे, म्हणजे जमिनीवरचे ६०० मीटर प्रतिकृतीत १ मीटर होतात. लाकडाचा सांगाडा, त्यावर कागद आणि वाळू, झाडांसाठी तार आणि रेशीम असे साहित्य वापरले जाई.

या प्रतिकृती तटापाशी संपत नाहीत. शहराबाहेरची शेते, ओढे, टेकड्या हेही सारे त्यांत आहे, साधारण तोफेच्या पल्ल्यापर्यंत. कारण उघड आहे. तट कितीही मजबूत असला तरी जवळच्या टेकडीवरून तोफ आत मारा करू शकत असेल तर त्याचा उपयोग काय? कोणत्या टेकडीवरून काय दिसते, हा प्रश्न राजाला दालनात बसून सोडवायचा होता. याच कारणाने प्रतिकृती गुप्त ठेवल्या जात. शत्रूच्या हाती पडल्या असत्या तर त्यालाही तेच उत्तर मिळाले असते.

डोंगराचे वजन

जमिनीची उंची मोजून कागदावर कशी दाखवायची, हा या कथेतला दुसरा धागा आहे. जुन्या नकाशांत डोंगर म्हणजे उंदराने माती उकरून काढावी तसे लहान लहान उंचवटे काढलेले असत. डोंगर आहे एवढे त्यावरून कळे. तो किती उंच आहे हे कळत नसे.

१७७४ साली इंग्लंडचा राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगरावर गेला. त्याला पृथ्वीची घनता काढायची होती. ओळंब्याचा दोरा पृथ्वीच्या केंद्राकडे ओढला जातो. पण शेजारी मोठा डोंगर असेल तर तोही ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. हा कल ताऱ्यांच्या आधारे मोजता येतो. डोंगराचे वस्तुमान कळले की त्यावरून पृथ्वीचे काढता येते. पण डोंगराच्या वस्तुमानासाठी त्याचे घनफळ हवे. ते गणित चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आले. त्याच्यापुढे शेकडो ठिकाणच्या उंचींचे आकडे नुसते पसरलेले होते. त्याने नकाशावर समान उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार एकदम स्पष्ट झाला. समुद्राची खोली दाखवायला अशा रेषा त्याआधीही वापरात होत्या. हटनने त्या डोंगराला लावल्या. १७७८ साली त्याने काढलेले उत्तर असे होते, की पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेचार पट आहे. आज आपण ती साडेपाच पट मानतो. त्या काळाच्या साधनांचा विचार केला तर हे उत्तर चांगलेच जवळचे आहे.

भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना आपण समोच्च रेषा म्हणतो, त्या याच. त्यांच्यामुळे डोंगर कागदावर आला. आणि कागदावरून तो पुन्हा मातीत किंवा पुठ्ठ्यात उभा करणेही शक्य झाले.

पटावर डोंगर, मग नकाशावर लढाई

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग येथे योहान हेलविग नावाचे एक शिक्षक होते. गणित शिकवत आणि कीटकांचा अभ्यास करत. लढाईतले डावपेच विद्यार्थ्यांना गोडीने शिकता यावेत म्हणून त्यांनी १७८० साली बुद्धिबळाला वाढवून एक खेळ तयार केला. पटावर १६०० हून अधिक घरे होती आणि घराच्या रंगावरून जमीन ओळखायची होती. तांबडे घर म्हणजे डोंगर, निळे म्हणजे पाणी. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्यांदाच जमीन आली! उंट, घोडे आता दलदलीत अडू लागले. तरीही जमीन चौकोनीच राहिली. निसर्गातली नदी काही घरे मोजून वळत नाही.

ही अडचण प्रशियाच्या एका सरदाराने, गेओर्ग लिओपोल्ड फॉन रायस्वित्झ याने सोडवली. त्याने घरे काढूनच टाकली आणि ओल्या वाळूत डोंगर-दऱ्या करून त्यांच्यावर सैन्याचे ठोकळे मांडायला सुरुवात केली. त्याची कीर्ती राजापर्यंत पोचली. राजापुढे वाळूचे ताट कसे न्यायचे, म्हणून त्याने बराच काळ खपून एक मोठे लाकडी टेबल तयार केले. टेबलाला खण होते आणि खणांत उठावाचे, रंगवलेले चौकोनी तुकडे. त्यांवर नद्या, रस्ते, गावे, टेकड्या होत्या. तुकडे हवे तसे जुळवून हवा तो प्रदेश उभा करता येई. १८१२ साली हे टेबल राजवाड्यात गेले आणि राजपुत्र त्यावर खेळू लागले.

पुढे रायस्वित्झच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, या खेळात मोठा बदल केला. १८२४ साली त्याने उठावाचे तुकडे बाजूला ठेवले आणि १:८००० प्रमाणाचे नकाशे वापरले. फासे आणले, पंच नेमला. प्रशियाचा सेनाप्रमुख म्युफलिंग याला तो इतका पटला, की हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे असे मत देऊन त्याने तो सैन्यात सर्वत्र लागू करण्याची शिफारस केली. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही तो उचलला.

टेबलाकडून नकाशाकडे जाण्यात सोय मोठी होती. नकाशा गुंडाळून नेता येतो, छापून वाटता येतो, खऱ्या प्रदेशाचा असतो. पण एक गोष्ट हरवली. टेकडीमागे काय दडले आहे हे टेबलावर खाली वाकून पाहिले की दिसे. नकाशावर ते रेषा वाचून ओळखावे लागते आणि ती सवय सर्वांना नसते.

दिवाणखान्यातली लढाई

हा खेळ सैन्याच्या कचेरीतून घरात आणला एच. जी. वेल्स यांनी. ‘टाइम मशीन’चे लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो. तरुणपणी त्यांनी लंडनमध्ये टी. एच. हक्सलींच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले होते आणि काही वर्षे शिक्षकाची नोकरीही केली होती. १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे त्यांचे छोटे पुस्तक निघाले. शिशाचे शिपाई, लाकडी गोळी उडवणारी खेळण्यातली तोफ आणि फरशीवर मांडलेला प्रदेश असा हा खेळ. प्रदेश कसला? आरंभी ज्ञानकोशाचे खंड आणि मुलांचे ठोकळेच टेकड्या नि घरे झाले. पुढे फळ्या एकावर एक ठेवून टेकड्या, खडूने काढलेल्या नद्या, पुठ्ठ्याची घरे, भोके पाडलेल्या फळीत खोचलेल्या डहाळ्यांचे जंगल असा सगळा थाट झाला. पुस्तकाच्या शेवटी वेल्स यांनी लिहिलेला विचार महत्त्वाचा आहे. असला खेळ तीन-चार वेळा मनापासून खेळला, की खरे युद्ध किती मूर्खपणाचे आणि माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते हे उमगते, असा त्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

आजही जगभर हौशी मंडळी टेबलावर असे देखावे उभारतात. झाडांना स्पंजाचे तुकडे, गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा, मातीला वापरून वाळवलेली चहाची पत्ती. त्यांना भेडसावणारी अडचण आपल्या दिवाळीच्या किल्ल्यातलीच आहे. शिपाई अडीच-तीन सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे १:६० च्या आसपास. पण त्याच प्रमाणात रणांगण करायचे तर तीन किलोमीटरसाठी पन्नास मीटर लांबीचे टेबल लागेल! म्हणून माणसाचे प्रमाण वेगळे आणि जमिनीचे वेगळे, अशी तडजोड करतात. दरवाजापेक्षा उंच मावळ्याने हीच तडजोड शतकानुशतकांचे ग्रंथ न वाचता केलेली असते.

पाटोद्याच्या शेजारचे रणांगण

आता आपल्या जमिनीकडे येऊ. पाटोदा तालुका बालाघाटाच्या माथ्यावर आहे. त्याला लागून जामखेड तालुका आहे आणि त्यात खर्डा. खर्डा आज अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात येते. तिथे निंबाळकरांनी बांधलेला भुईकोट किल्ला आहे.

१७९५ च्या आरंभी हैदराबादचा निजाम अली बीदरहून मांजरा नदीच्या काठाने पश्चिमेकडे निघाला. पुण्याहून सवाई माधवराव पेशव्यांची आणि नाना फडणविसांची फौज निघाली. शिंदे, होळकर, भोसले असे सगळे सरदार तिच्यात होते आणि नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. ग्रँट डफच्या अंदाजाने दोन्ही बाजूंची मिळून दोन लाखांवर माणसे होती. निजामाची फौज बालाघाटाच्या माथ्यावरून मोहरी घाटाने खाली खर्ड्याकडे उतरली. ११ मार्चला ती खर्ड्याहून परांड्याकडे निघाली असताना मराठ्यांनी तिला गाठले.

आता वर सांगितलेले प्रश्न इथे विचारून पाहा. उंचवटा कोणाकडे होता? शिंद्यांच्या पलटणींचा फ्रेंच अधिकारी पेराँ याने ३५ तोफा उंच जागी मांडल्या होत्या. निजामाच्या बाजूने रेमाँ या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या कवायती पलटणी त्यांच्याशी झुंजत होत्या. तेवढ्यात निजामाचे घोडदळ हटले आणि निजामाने रेमाँलाही मागे बोलावले. रात्र पडली. त्या रात्रीची हकिकत ग्रँट डफने दिली आहे. मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांना पाणी शोधत एका ओढ्यापाशी आली. तिथे निजामाचे काही शिपाई होते; त्यांनी गोळ्या झाडल्या. जवळच्या पहारेकऱ्यांनीही झाडल्या. अंधारात कोणाला काही कळेना. फौजेत घबराट पसरली आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला.

हा किल्ला बहुतेक बाजूंनी टेकड्यांनी वेढलेला. टेकड्यांवर मराठे, आत हजारो माणसे आणि जनावरे, आणि पाण्याची टंचाई. थोड्याच दिवसांत निजामाने बोलणी सुरू केली. तहात त्याला दौलताबादसह मोठा मुलूख आणि सुमारे तीन कोटी रुपये कबूल करावे लागले. एवढ्या मोठ्या फौजांच्या मानाने प्रत्यक्ष लढाईत माणसे थोडी पडली. बरेच काम जमिनीने आणि तहानेने केले.

पाठ्यपुस्तकात ही लढाई चार ओळींत संपते. नावे, साल, तहाच्या अटी. घाट, उंचवटा आणि ओढा या तीन गोष्टी त्यात येत नाहीत, कारण त्या सपाट कागदावर मांडता येत नाहीत.

पुठ्ठ्याचा बालाघाट

शाळेत हे करून पाहता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. म्हणजे २० किलोमीटरचा प्रदेश ४० सेंटिमीटरमध्ये मावतो. प्रत्येक समोच्च रेषा पुठ्ठ्यावर उतरवून कापायची आणि थर एकावर एक चिकटवायचे. २० मीटर उंची या प्रमाणात ०.४ मिलिमीटर होते. पुठ्ठा २ मिलिमीटर जाडीचा असेल तर उंची आपोआप पाचपट फुगते. २०० मीटरचा उतार ४ मिलिमीटरऐवजी २ सेंटिमीटर होतो. ते बरेच आहे, नाहीतर बालाघाट दिसणारच नाही. मात्र मुलांना हे सांगायला हवे, कारण १० अंशांचा साधा चढ या प्रतिकृतीत ४१ अंशांचा होतो आणि घाट भिंतीसारखा वाटतो.

फुगवलेल्या उंचीने एक गोष्ट मात्र बिघडत नाही. सगळ्या उंची सारख्याच पटीत वाढवल्या तर सरळ रेषा सरळच राहते. म्हणून घाटमाथ्यावर टाचणी खोचून तिच्यापासून खर्ड्यापर्यंत दोरा ताणला आणि तो मध्ये कुठे टेकला नाही, तर प्रत्यक्षातही माथ्यावरून खर्डा दिसते असे म्हणता येते. लूव्हुआच्या दालनात हेच केले जात होते. वर्गात हे आधी करावे आणि मग घाटावर जाऊन पडताळावे.

दुसरी गंमत आपल्या खडकाची. इतर देशांत थरांची प्रतिकृती केली की पायऱ्या लगद्याने बुजवाव्या लागतात, कारण खरा डोंगर पायऱ्यांचा नसतो. दख्खनचा डोंगर मात्र बराचसा तसाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून तो झाला. कठीण थर कड्यासारखे उभे राहिले, मऊ थर झिजून सपाट झाले. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठी असलेल्या शब्दात आहे. तेव्हा पायऱ्या सरसकट बुजवू नयेत. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या बुजवायच्या, हे डोंगर पाहून ठरवावे.

नकाशा जिथे अपुरा पडतो ती जागा ओढ्याची. तीन-चार मीटर खोल ओढा २० मीटरच्या रेषांच्या जाळ्यात सापडत नाही. तो निळ्या रेघेपुरताच राहतो. प्रतिकृतीत तो कोरायचा तर किती खोल, कोणता काठ उंच, कुठून उतरता येते हे ठाऊक असावे लागते. त्यासाठी ओढ्यावर जावे लागते. खर्ड्याच्या रात्रीचा निकाल अशाच एका रेघेवर लागला होता.

प्रतिकृतीला लगदा लावून वर तैलरंग दिला की तिच्यावर झारीने पाणी शिंपडता येते. पाटोदा तालुक्याच्या प्रतिकृतीवर हे करावेच. पाणी तीन वाटांनी जाते. सौताड्याच्या धबधब्यावरून विंचरणा नदीने उतरणारे पाणी सीनेत, तिथून भीमेत आणि शेवटी कृष्णेत जाते. उत्तरेकडचे सिंदफणेतून गोदावरीला मिळते. पूर्वेकडचे मांजरेत जाते. मांजरा याच तालुक्यात उगम पावते आणि मोठा वळसा घेऊन तीही गोदावरीला मिळते. एका तालुक्याचे पाणी दोन मोठ्या खोऱ्यांत वाटले जाते आणि ती वाटणी एखाद्या शेताच्या बांधाएवढ्या उंचवट्यावर ठरत असते.

मांजरेवर धनेगावचे धरण आहे आणि लातूर शहर त्याच्यावर अवलंबून आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी गोदावरीच्या खोऱ्यात. ज्या मुलाने पाटोद्याच्या पुठ्ठ्याच्या डोंगरावर पाणी शिंपडून पाहिले आहे, त्याला ही बातमी वेगळ्या तऱ्हेने कळेल.

२०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही. रायगड, प्रतापगड करावेत, त्याला कोणाची हरकत असणार? पण एखाद्या दिवाळीत आपल्या पायाखालचा डोंगरही करून पाहावा. तयार साचातला प्लॅस्टरचा किल्ला विकत मिळतो. आपल्या गावाचा घाट आणि ओढा मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो मोजूनच करावा लागतो. लढाई मांडायची असेल तर मांडावी. मांडताना दोन्ही बाजूंच्या माणसांना नि जनावरांना पाणी कुठून मिळणार, हा प्रश्न आधी विचारावा.